आपलं सुटलं, त्यांचं काय?

मुलांसाठी घर बघायला नालासोपारा पूर्वेला किंवा विरारच्या फुलपाड्याकडे आलेल्या जोडप्याचे प्रश्न ठरलेले असतात. स्टेशनला रिक्षाने किती वेळ? शाळेची बस दारात येते का? पाणी रोज येतं की टँकर मागवावा लागतो? ‘ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का?’ हा प्रश्न आला तर सर्वांत शेवटी, आणि एजंट तो एका दमात उडवून लावतो: ‘इकडे सगळ्यांचं असंच आहे. घरपट्टी लागलीय ना, मग?’ घरपट्टी लागल्याने बेकायदा बांधकाम अधिकृत होत नाही, असं महापालिका कायद्यातच लिहिलेलं आहे. पण वीजबिल नावावर आलं, खरेदीच्या नोंदणीचं इंडेक्स टू हातात पडलं की माणसाला वाटतं, सरकारने आपल्याला ओळखलं.

अशा आईबापांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. ते मला पटत नाही. इथल्या घराच्या पैशात मुंबईत डिपॉझिट भागतं, घर होत नाही. मुलांना स्वतःचा पत्ता हवा, दर अकरा महिन्यांनी शाळेची रिक्षा बदलायला लागू नये, एवढंच त्यांना हवं असतं.

२७ ऑगस्ट २०२५. गणेश चतुर्थीचा दिवस उजाडायचा होता. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात विरार पूर्वेच्या विजय नगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळला. एका घरात वर्षाच्या मुलीचा पहिला वाढदिवस नुकताच साजरा झाला होता. सतरा माणसं गेली, त्यांत ती मुलगी आणि तिची आईही. इमारत अनधिकृत होती आणि वीस वर्षांचीही नव्हती. इमारतीला तीस वर्षं झाली की बांधकामाची तपासणी करून घ्यायला कायदा सांगतो. तपासणीच्या वयाला पोचण्याआधीच ही पडली.

त्याच वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या एक्केचाळीस बेकायदा इमारतींपैकी उरलेल्या चौतीस कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. जागेवर डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं आरक्षण होतं. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, दहावीची २१ला. तिथल्या मुलांनी अभ्यास कुठे केला असेल, याचा हिशेब कोणत्याही पंचनाम्यात नसतो.

बिल्डर, जमीनमालक, डोळेझाक करणारे अधिकारी यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि लिहिलं जावंच. मला आज त्या साखळीतल्या एका साध्या माणसाबद्दल बोलायचंय. तो आपल्यापैकीच आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याने असंच घर घेतलं. कागद कच्चे आहेत हे मागाहून कळलं, पिलरला तडे गेले, स्लॅबमधून सळया दिसायला लागल्या. मुलं मोठी होतायत, इथे ठेवणं बरोबर नाही, असं नवराबायकोचं एकमत झालं. इथवर त्यांचं काही चुकलं नाही. पुढच्या आठवड्यात रंगारी येतो, तड्यांत पुट्टी भरली जाते, भिंतींना पिस्ता रंग लागतो आणि घर बघायला दुसरं जोडपं येतं. बाईच्या कडेवर मूल असतं. ‘का सोडताय?’ असं त्यांनी विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘मुलांचं कॉलेज लांब पडतं हो.’

अगदीच खोटं नाही ते. पण आपल्या मुलांसाठी जे घर धोक्याचं वाटलं, ते दुसऱ्याच्या मुलांच्या गळ्यात घालताना हात कापत नाही, याचं मला नवल वाटतं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५वं कलम सांगतं की, खरेदीदाराला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष ठाऊक असेल, तर विकणाऱ्याने तो सांगायलाच हवा. इंग्रजांच्या काळापासून हे लिहून ठेवलेलं आहे. नालासोपाऱ्याच्या वन बीएचकेसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, म्हणून ते विसरायला सोयीचं जातं.

विकणाऱ्याचीही बाजू आहे, आणि ती लटकी नाही. आयुष्याची पुंजी त्या चार भिंतींत अडकलेली असते. खरं बोलला तर घर विकलं जात नाही, आणि विकलं नाही तर त्याची मुलं तिथेच राहतात. काही जण मग मधला मार्ग काढतात: विकत नाहीत, भाड्याने देतात. भाडेकरू ओसी विचारत नाही. मला हा मार्ग विकण्याहून वाईट वाटतो, कारण इथे दर महिन्याला पैसे घेतले जातात आणि दर महिन्याला गप्प बसलं जातं.

एकट्याने खरं बोलणं परवडत नसेल, तर ते बिल्डिंगने मिळून बोलावं. आज नेमकं उलटं घडतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी ऑडिटचा विषय काढला की मागून आवाज येतो, ‘रेट पडेल, कशाला बोंबाबोंब?’ आणि सगळे माना डोलावतात. त्यांनी तीस वर्षांची वाट न बघता वर्गणी काढावी, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा, आणि त्याचा अहवाल खाली नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावावा. घर बघायला येणारा जिना चढण्याआधी तो वाचेल. काही जण तिथूनच परत जातील. भाव कमी होईल, विकणाऱ्याला घाटा सोसावा लागेल, आणि तो घाटा खरोखरच मोठा असेल.