दोष कुठे आहे?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक रोखठोक आक्षेप येतो. पुत्रकामेष्टी केली आणि मूल झालं नाही, तर वेदवचन खोटं का म्हणू नये? सूत्रकार गौतमांचं उत्तर असं की दोष वचनात नाही. कर्म, कर्ता किंवा साधन यांत काहीतरी उणं राहिलं असेल. हे उत्तर पळवाट ठरेल की खरी चिकित्सा, हे दुसऱ्याच एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती गोष्ट जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोलच्या काट्यापाशी लख्ख दिसते. टाकी भरलेली, काटा मात्र तळाला. फिटर टाकीवरच्या सेंडरची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवतो. काटा उठला तर मीटर शाबूत, दोष सेंडरमध्ये किंवा फ्लोटमध्ये. उठला नाही तर वायर, फ्यूज आणि मीटर तपासायचं. ‘साधनात दोष आहे’ हे तोही म्हणतो, पण फ्लोट बाहेर काढून हातावर ठेवतो. दोष निष्फळतेवरून नुसता गृहीत धरायचा नाही, स्वतंत्रपणे दाखवायचा. माझ्या मते कुठल्याही भाकिताला प्रमाण मानण्याची अट हीच असावी.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न दरवर्षी अक्षय्य तृतीयेला उभा राहतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला त्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट आखला जातो. भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, करंजी. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले जाणते निरीक्षण करतात. कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणते दाणे जागचे हलले, यावरून पाऊस आणि पिकं सांगतात. परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची मानली जाते. ऐकायला जमलेल्या शेतकऱ्याला त्यावरून कपाशी की सोयाबीन, पेरणी कधी, हे ठरवावंसं वाटतं. भाकीत चुकलं तर दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर येतं, म्हणून हा प्रश्न मला निव्वळ तर्काचा वाटत नाही.

कोणी म्हणेल, हवामान खातं तरी कुठे चुकत नाही? चुकतं. २००२ साली खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१ टक्के. पण सोळा घटकांचं ते मॉडेल तपासलं गेलं, बाजूला ठेवलं गेलं, २००३ मध्ये नवी पद्धत आली. अंदाजाबरोबर चुकीची मर्यादाही छापली जाते. भेंडवळचं भाकीत चुकलं तर काय काढून पाहायचं? भिजलेल्या ढेकळाचा ऑगस्टशी संबंध कशाने जुळतो, हेच सांगितलेलं नसल्याने तो संबंध कुठे तुटला हे शोधता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांची टीका इथे योग्यच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घट हे यंत्र नव्हे, पेरणीआधी मातीपुढे आणि धान्यापुढे नम्र होण्याचा तो विधी आहे. हे मला मनापासून मान्य आहे. त्या अर्थाने घटाला कोणताही पडताळा लागत नाही, आणि तो बंद करा म्हणण्याचं कारणही उरत नाही. मात्र विधी म्हणून मिळालेला आदर भाकिताच्या खात्यावर जमा करता येणार नाही. भाकीत सांगायचंच असेल तर ‘साधारण पाऊस’ म्हणजे किती मिलिमीटर हे आधी लिहून ठेवावं, महिनावार, आणि तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीशेजारी दरवर्षी मांडावं.