आसाचं भोक

गाडी थंड असताना सुरू केली की चिवचिव करायची, आणि इंजिन तापलं की त्याखालून घरघर ऐकू यायची. धायरी फाट्यावरून आत वळून ती माझ्या गॅरेजच्या दारात थांबली, तोवर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय हे मला आवाजावरूनच कळलं होतं. दोन सीटची, सुपरचार्जरवाली गाडी. मालक म्हणाला, "दादा, पंपाची पुली डगडगतेय. पुली बदला आणि विषय संपवा." आठ महिन्यांपूर्वी दुसरीकडे अख्खा पंप बदलून घेतला होता, हे त्यानं जाता जाता सांगितलं.

बेल्ट उतरवला आणि पुली वर-खाली धरून हलवली. हाताला सरळ प्ले लागत होता. डायल लावून फिरवली तर काटा अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे जात होता. पंपाच्या पोटाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील गळायला लागलं तर पाण्यानं बेअरिंगमध्ये शिरून ग्रीस धुण्याआधी तिथूनच बाहेर पडावं, म्हणून. त्या भोकाभोवती कूलंट वाळून गुलाबी खपली धरली होती. पुलीत काहीच खोट नव्हती. ज्या आसावर ती बसली होती, तो आपल्या जागेत सैल झाला होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दुपारी गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. चौतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. आता खुब्याचा सांधा झिजलाय. मी काढलेला पंप त्यांनी मांडीवर घेतला, कानाजवळ नेऊन बोटानं फिरवला आणि म्हणाले, "हे बघ, दुःख. अक्षरशः."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी लहानपणी ऐकलं होतं, पण हातात वस्तू नसल्यामुळे तेव्हा आत उतरलं नव्हतं. 'ख' म्हणजे भोक, पोकळी. आकाशही ख, आणि भास्कराचार्यांच्या गणितात शून्यही ख. रथाच्या चाकाचं आस जाण्यासाठीचं भोक, तेही ख. ते भोक नीट असलं की रथ 'सुख'. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या विसाव्या सूक्तात ऋभूंनी अश्विनांसाठी रथ घडवला, तिथे रथाला हेच विशेषण लावलंय. म्हणजे सुख हा आधी रथाचा गुण होता, माणसाच्या मनापर्यंत तो नंतर पोचला असावा. हे मला फार मोठं वाटतं. सुख म्हणजे काहीतरी मिळणं, असं आपण धरून चालतो. इथे ते पोकळीचं माप आहे. आवळून बसवलं तर आस जळतो, सैल सोडलं तर हादरे बसतात.

यातली अडचणही अण्णांनीच सांगितली. मोनियर-विल्यम्स यांच्या 1899 च्या कोशात सुखाची ही व्युत्पत्ती दिली आहे, पण 'दुःख' हा शब्द 'दुःस्थ'चं प्राकृत वळणाचं रूप असण्याचा संभव जास्त, असंही म्हटलंय. दुःस्थ म्हणजे वाईट रीतीनं उभा असलेला, जागेवर नसलेला. भोक वाईट की उभं राहणं वाईट? अण्णांच्या मते हा प्रश्न कोशात सुटणार नाही.

माझ्यापुढे तोच प्रश्न होता. नवा पंप आणला असता, बसवला असता, आणि आठ महिन्यांनी गाडी पुन्हा दारात आली असती. मी सगळ्या पुल्यांवरून सरळपट्टी टेकवली. सुपरचार्जरच्या पुलीपाशी पट्टीखालून उजेडाची फट दिसली. कुणीतरी जास्त ताकदीसाठी मूळ पुली काढून लहान व्यासाची बसवली होती. लहान पुलीनं सुपरचार्जर जास्त वेगानं फिरतो, इंजिनात जास्त हवा कोंबतो, पण बेल्टवर ओढही वाढते. शिवाय ही पुली दोन मिलिमीटर आत बसली होती. एकच बेल्ट सगळं फिरवतो, त्यामुळे तो तिरका चालून शेजारच्या पंपाचा आस हजारो फेऱ्या एका बाजूला रेटत राहिला. चिवचिव त्या तिरकेपणाची होती, घरघर बेअरिंगची. आधी दुःस्थ, मग दुःख. दोन्ही व्युत्पत्त्या एकाच बेल्टवर होत्या.

मालकाला लहान पुली सोडायची नव्हती. मग नऱ्ह्यातल्या लेथवरून दोन मिलिमीटरची रिंग टर्न करून आणली आणि पुलीच्या मागे बसवली. पट्टीखालचा उजेड गेला. बेल्टची वाढीव ओढ मात्र राहिली, ती मला काढता आली नाही आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. नवा पंप, नवा बेल्ट घातला, बोअरचं पाणी ओतायचं नाही, कूलंटच घालायचं अशी ताकीद दिली. संध्याकाळी धारेश्वराच्या देवळापर्यंत चक्कर मारून आलो. गाडी गप्प होती.

मला आनंद झाला होता आणि तो मी लपवला नाही. अण्णांना म्हटलं, माणसाचंही असंच असणार. आपण भोगणारी जागा बदलत राहतो, घर, नोकरी, औषध बदलतो, आणि जे तिरकं उभं आहे त्यावर पट्टी कुणी ठेवत नाही. जागेवर नीट उभं राहायला शिकलं तर झीज होणारच नाही.

अण्णा बराच वेळ जुना पंप फिरवत राहिले. मग ऋभूंची उरलेली गोष्ट त्यांनी सांगितली. माणसं होती ती, कारागीर. कौशल्याच्या जोरावर देव झाली. रथ घडवला तो घडवलाच, त्याच सूक्तात आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना त्यांनी पुन्हा तरुण केलं असंही आहे.

खुर्चीतून उठताना त्यांनी माझा खांदा धरला. उजवा पाय टेकताना चेहरा आवळला गेला. "नीटच उभा होतो की रे मी," ते म्हणाले, "चौतीस वर्षं, फळ्यासमोर. हे मग कशानं झिजलं?"

मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. वाटेत आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.