पांघरूण आणि झाकण

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभ्याचा सच्छिद्र चिरा तो शोषून घेतो. अशा भिंतीवर कागद चिकटवणे शहाणपणाचे नव्हे. तरीही काही वर्षांपूर्वी आमच्या घरी मधल्या खोलीच्या भिंतीवर फुलाफुलांचा वॉलपेपर चढला. पुतणीला पाहायला पाहुणे यायचे होते आणि भिंतीवर ओलीचे डाग होते. ‘तूर्त झाकून टाका,’ हा सल्ला माझाच होता.

यंदा मे महिन्यात सुट्टीवर घरी गेलो असता तो कागद काढायला बसलो. कोरडाच ओढला, तर गिलाव्याचे पापुद्रे त्याच्याबरोबर निघू लागले. मग कोमट पाण्याचा बोळा फिरवून खळ मऊ होऊ दिली आणि बोथट पट्टीने कडेपासून कागद अलगद सोडवला. आत काळी बुरशी पसरली होती. कागदामुळे भिंतीला सुकायला वावच उरला नव्हता. त्या भिंतीलगत माझ्या वहिनींची खाट असते. त्यांचा खोकला आम्ही वयाच्या माथी मारत आलो होतो. खोकल्याचे कारण बुरशीच होती, असे मी ठामपणे म्हणणार नाही. परंतु ओल आणि बुरशी दम्याला पोषक ठरतात, हे ठाऊक असूनही आम्ही कधी कागदामागे पाहिले नाही.

दुसऱ्याच्या दोषांवर पांघरूण घालणे हा सद्गुण आहे. मग झाकणे पाप केव्हा ठरते? मला वाटते, पांघरूण कुडकुडणाऱ्याच्या अंगावर घालायचे असते. झाकण आपण आपल्या प्रतिष्ठेसाठी ठेवतो. पश्चात्ताप पावलेल्या माणसाची जुनी चूक चव्हाट्यावर आणण्यात कोणाचेच हित नाही. परंतु घरातील मारहाण, दारूचे व्यसन, बहिणीचा बुडवलेला हिस्सा यांवर ‘घराची अब्रू’ चिकटवली, की ओल आत वाढतच राहते. तिची किंमत भिंतीलगत झोपणारा मोजतो.

केवळ सद्हेतूही पुरेसा नसतो. अजिंठ्याची भित्तिचित्रे टिकावीत, म्हणून १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राजवटीत इटालियन तज्ज्ञांनी त्यांवर लाखेचे रोगण दिले. पुढे ते काळवंडले. पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना ते धीराने उतरवावे लागले; कारण घाईने खरवडले असते, तर चित्रही गेले असते. सत्य उघड करणाऱ्यानेही एवढा धीर बाळगायला हवा.

सायंकाळी मी वहिनींना तो सल्ला माझा होता, हे सांगितले. त्या म्हणाल्या, “मला कुबट वास यायचा, भावोजी. पण कोणी विचारलंच नाही.”

आता छपराची फुटलेली कौले बदलली आहेत, खाट दुसऱ्या खोलीत हलवली आहे. भिंत मात्र आम्ही यंदा उघडीच ठेवली आहे. पाहुण्यांना डाग दिसतील, दिसोत. आपल्या घरात कोणती भिंत झाकलेली आहे आणि तिच्यालगत कोण झोपते, हे प्रत्येकाने एकदा विचारून पाहावे.