ऐकणारा कोण आहे?

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूम गावातल्या एका घराची हकिगत आहे. आत येशू ख्रिस्त बोलत आहेत आणि दारात माणसांची इतकी दाटी झाली आहे की मुंगीलाही वाट मिळू नये. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. दारातून शिरता येत नाही म्हणून ते छतावर चढतात, छत खणतात आणि रोग्याला बाजेसकट खाली सोडतात. लूकही आपल्या शुभवर्तमानात हीच हकिगत सांगतो. रोगी तोच, गर्दी तीच आणि शेवटी त्या माणसाचे स्वतःच्या पायांनी घरी जाणेही तेच. मात्र लूकाच्या हकिगतीत कोणी छत खणत नाही. तिथे रोग्याला कौलांमधून वाट करून खाली सोडले आहे.

दौलताबादच्या आसपास ज्यांनी जुनी घरे पाहिली आहेत, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. मराठवाड्यातल्या माळवदात लाकडी तुळया असतात आणि त्यांच्यावर मातीचा जाड थर. अशा छताला भोक पाडायचे तर ते खणावेच लागते. कोकणातल्या कौलारू घरात तेच काम दहा कौले उचलून होते. मार्काने गालीलातले मातीचे धाबे जसे होते तसे सांगितले. लूक लिहीत होता ग्रीक बोलणाऱ्या शहरी वाचकांसाठी, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे छत म्हटले की कौलेच येत. अनेक अभ्यासक या फरकाचा अर्थ असाच लावतात.

अशी उदाहरणे मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांच्या चारही शुभवर्तमानांत जागोजागी सापडतात. जेवणाआधी हात धुण्याच्या रिवाजावरून वाद होतो, तेव्हा मार्क मधेच थांबून यहुदी लोकांची ती रीत समजावतो. मत्तय तोच वाद सांगताना एका शब्दाचेही स्पष्टीकरण देत नाही, कारण त्याचे वाचक त्याच रिवाजात वाढलेले होते. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन नाण्यांची किंमत मार्क रोमन चलनात सांगतो. येशूंची वंशावळ मत्तय अब्राहामापासून सुरू करतो, कारण त्याला आपल्या लोकांना सांगायचे आहे की ज्याची तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली तो हाच. लूक मागे मागे जात आदामापर्यंत पोचतो, कारण त्याच्या वाचकांना कळायला हवे की हे वर्तमान अवघ्या मनुष्यजातीसाठी आहे. योहान तर स्पष्टच सांगतो की येशूंनी आणखी पुष्कळ काही केले, पण मी त्यातले निवडून लिहिले आहे आणि वाचणाऱ्याच्या मनात विश्वास उपजावा म्हणून लिहिले आहे.

मग खरे कोण आणि खोटे कोण, असा प्रश्न आपल्या ओठावर चटकन येतो. देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादवांच्या राज्यात, मराठी गद्याच्या अगदी उगमापाशी, याच प्रश्नाशी आपली माणसे किती प्रामाणिकपणे झुंजली ते आठवावे.

महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी या मुलखात गावोगाव हिंडले. दौलताबादजवळच्या वेरूळच्या लेण्यांतही त्यांचा मुक्काम झाला होता. त्यांच्या प्रयाणानंतर, इसवी सन १२७८ च्या सुमारास, त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी त्यांच्या आठवणी, म्हणजे लीळा, जमवून ‘लीळाचरित्र’ लिहिले. पद्धत साधी पण कसून पाळलेली होती. ज्याने पाहिले त्याला विचारायचे, ज्याने ऐकले त्याच्याकडून ऐकायचे आणि मग पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ती लीळा ठेवून पारखून घ्यायची. लूकही आपल्या ग्रंथाच्या आरंभी जवळजवळ हेच सांगतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी जे सांगितले त्याचा मुळापासून शोध घेऊन मी हे क्रमाने लिहीत आहे, अशी ग्वाही तो ज्याला ग्रंथ अर्पण केला त्या थियफिलाला देतो. दोघांमध्ये बारा शतकांचे अंतर आहे आणि एकाला दुसऱ्याची माहिती असण्याचे कारण नाही, तरी प्रामाणिक चरित्रकाराची पहिली पायरी दोघांची एकच आहे.

पुढे दुसरी पायरी येते. चक्रधरांच्या एकाच चरित्रातून पंथातल्याच केशिराजबासांनी त्यांची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला आणि त्यांनी सांगितलेले ११४ दृष्टांत वेगळे काढून ‘दृष्टांतपाठ’ रचला. चरित्रात रमणाऱ्याला लीळा, मनन करणाऱ्याला सूत्रे आणि गोष्टीतून समजणाऱ्याला दृष्टांत मिळाले. हेच केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. यामुळे माझ्या म्हाताऱ्या नाडल्या जातील, असे त्यांचे म्हणणे होते. पंथातल्या ज्या वृद्ध बायांनी स्वामींचे बोलणे मराठीत ऐकले आणि मराठीतच मनात जपले, त्यांच्यापर्यंत जे पोचणार नाही ते कितीही विद्वत्तेचे असले तरी आचार्यांना नको होते. नागदेवाचार्य स्वतः विद्वान होते आणि केशिराजही. दोन पंडितांच्या या बोलण्यात ज्यांचा विचार झाला त्या बाया मात्र तिथे बोलायला नव्हत्या. आचार्यांनी त्यांची बाजू घेतली, म्हणून मला हा प्रसंग मराठीच्या इतिहासातल्या सर्वांत उदात्त प्रसंगांपैकी एक वाटतो.

पंथातलेच कवी भास्करभट बोरीकर यांची कथाही याच जातीची आहे. त्यांनी ‘शिशुपाळवध’ हे रसाळ काव्य लिहिले. गुरुबंधूने ते वाचून सांगितले की ग्रंथ उत्तम झाला आहे, पण संसारातून निवृत्त झालेल्यांच्या उपयोगाचा नाही. भास्करभटांनी ते मनावर घेतले आणि ‘उद्धवगीता’ लिहिली. कवीची प्रतिभा तीच, भक्ती तीच. त्यांनी फक्त ऐकणाऱ्याकडे पाहिले आणि दुसरा ग्रंथ जन्माला आला.

ऐकणाऱ्यासाठी सांगणे बदलत गेले, तर मूळ गोष्ट हरवणार नाही का? ही भीती खरी आहे, आणि तिचेही उत्तर याच इतिहासात आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. पुढच्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. त्यांत हिराइसा नावाची एक बाई होती. साहजिकच आठवणींत फरक पडले. पंथाने ते फरक घासून एकसारखे केले नाहीत. हा हिराइसेचा पाठ, हा परशरामबासांचा, हा रामेश्वरबासांचा, असे ज्याचे त्याच्या नावाने राहू दिले.

असे फरक मिटवून एकच गोष्ट करण्याचा मोह ख्रिस्ती परंपरेत मात्र झाला होता. इसवी सन १७० च्या सुमारास ततियान नावाच्या सीरियाच्या लेखकाने चारही शुभवर्तमाने गुंफून एकच सलग कथा तयार केली. ती सोयीची होती आणि सीरियातल्या मंडळ्यांत बराच काळ वाचली गेली. तरी अखेर तिथल्या चर्चनेही ती बाजूला ठेवली आणि चार वेगळे आवाज वेगळेच राहू दिले. एकाच गोष्टीत मावणार नाही इतके मोठे काही आपल्या हाती आले आहे, अशी ज्यांची श्रद्धा होती त्यांना फरकांची लाज वाटली नाही.

म्हणून एकच घटना दोन माणसे दोन तऱ्हांनी सांगत असतील, तर लगेच कोणाला लबाड ठरवू नये. आधी तीन गोष्टी पाहाव्यात. सांगणाऱ्याने पाहणाऱ्यांना विचारले होते का? तो कोणासाठी सांगत होता? आणि सांगताना त्याने छत बदलले की रोगी? छत मातीचे असो वा कौलांचे, त्या घरातून माणूस चालत बाहेर पडला ही गोष्ट मार्क आणि लूक दोघांनीही जपली. ऐकणाऱ्याला समजावे म्हणून शब्द बदलणे हे प्रेम आहे. ऐकणारा खूश व्हावा म्हणून घटना बदलणे ही फसवणूक आहे. दोन्हींत ऐकणाऱ्याचा विचार असतो, म्हणून ती वरवर सारखी दिसतात, पण पहिल्यात सांगणारा स्वतः कष्ट घेतो आणि दुसऱ्यात सत्याचा बळी देतो.

आपल्यापैकी प्रत्येकजण दिवसभरात कोणाला ना कोणाला काही सांगत असतो. कोणी वर्गात शिकवतो, कोणी बँकेच्या खिडकीमागे बसतो, कोणी सरकारी परिपत्रक लिहितो, तर कोणी शस्त्रक्रियेआधीच्या संमतिपत्रावर सही कुठे करायची ते दाखवतो. पीकविम्याच्या अर्जातली एक ओळ कळली नाही म्हणून शेतकरी नुकसानभरपाईला मुकतो, तेव्हा नागदेवाचार्यांना वाटलेली भीतीच खरी ठरते. ती ओळ चुकीची नसेलही. तिचा मसुदा करताना त्या शेतकऱ्याची आठवण कोणी ठेवली नाही, एवढेच. आज काही लिहिताना वा बोलताना आपण आपल्यापुरता एक नियम करू या. हे ज्याच्यासाठी आहे त्या माणसाचा चेहरा आधी डोळ्यांपुढे आणायचा, आणि त्याला त्याच्या बोलीत समजेल असे लिहून झाल्याशिवाय आपले काम पुरे झाले असे मानायचे नाही.