मनगटावरची दोन बोटं

दिवसपाळी सुटली आहे. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या गल्लीत सायकली, टिफिनचे आवाज, आणि पलीकडे यंत्रमागांची खडखड. ती बंद होणार नाही. ऐकू येऊ द्या.

हृदयाचं दुखणं जडलेल्या आबांच्या शेजारी बसा. त्यांचा हात हातात घ्या, अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवा आणि नाडी लागेपर्यंत थांबा.

लागली? धडधाकट माणूस स्वस्थ बसलेला असतो तेव्हा त्याचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातलं पाऊण लिटर तरी मेंदूकडे जातं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू त्याला २० टक्के लागतो. हृदय थकलं की हा वाटा कमी पडू लागतो. ठोके वेडेवाकडे पडले तर हृदयात गुठळी धरू शकते आणि तिचा कण मेंदूच्या रक्तनळीत जाऊन अडकतो. वर्षानुवर्षं चढलेला रक्तदाब तिथल्या केसासारख्या नळ्या कडक करून टाकतो.

पुन्हा बोटांखालच्या ठोक्याकडे या.

आता गेल्या काही दिवसांत आबांवर कधी चिडलात ते आठवा. मला माझं आठवतं. सकाळची गोळी घेतली का, विचारलं. घेतली म्हणाले. गोळी पट्टीतच होती. मी आवाज चढवला. त्यांनी पट्टी उलटी-सुलटी केली, रिकाम्या खळग्यांवरून अंगठा फिरवत मोजायला लागले. मधेच आकडा सुटला. पुन्हा पहिल्यापासून. ज्या माणसाने चाळीस वर्षं तुटलेला धागा लांबूनच हेरला आणि चालता चालता गाठ मारली, तो आठ खळग्यांत हरवला होता. आणि मी ओरडत होते.

अमळनेरहून गाडीत बसले ते साल, उधन्याला उतरून घेतलेला पहिला चहा, पहिल्या पगाराच्या नोटा, सगळं त्यांना आठवतं. म्हणून आपल्याला वाटतं, डोकं तर लख्ख आहे, मुद्दाम करतात. हृदयाच्या दुखण्यात पुष्कळदा असंच होतं: जुनं शाबूत राहतं आणि लक्ष, आखणी, दोन कामं एका वेळी सांभाळणं हे मंदावतं. पाच गोळ्या पाच वेळी घ्यायला नेमकं तेच लागतं.

इथे जरा थांबा. श्वास सोडा.

दवाखान्यात डॉक्टर गुजरातीत किंवा हिंदीत सांगतात, आबा मान हलवतात. घरी आल्यावर अहिराणीत विचारा, ‘डाक्टरनी काय सांगं, आबा?’ जेवढं त्यांच्या तोंडून परत येईल तेवढंच पोचलं असं धरा. पुढच्या वेळी सोबत जा आणि विसराळूपणाचंही बोला. तो सांगायचा विषय आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. बी-१२ कमी असणं, थायरॉईड, मनाची उदासी, एखादी नवी गोळी, यांनीही विसर पडतो आणि त्यातलं बरंच सुधारतं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने १४ धोके मांडले, ते सगळे दूर करता आले तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल त्यात आहेत. कमी ऐकू येणं आहे. एकटेपणही आहे.

एका प्रसंगी मात्र शांत बसायचं नाही. गोंधळ अचानक उडाला, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, हात लुळा पडला, तर लगेच १०८.

आज तसं काही नाही. आज सात खणांची डबी मधे ठेवा. पट्ट्या कात्रीने कापा, पण गोळ्या त्यांच्या हातात द्या. सोमवार भरतील. मंगळवार भरतील. तुमचा हात पुढे जाईल, तो मांडीवर ठेवा. गुरुवारच्या खणापाशी ते थांबतील.

तुम्हीही थांबा.