पडके तट आणि काळाचा न्याय

भग्न दुर्ग पाहून मनुष्याला समाधान कां वाटावें? श्रीगोंदें तालुक्यांत भीमेच्या कांठीं पेडगांवचा बहादूरगड आहे. औरंगजेबाचा दक्षिणेंतील सुभेदार बहादूरखान याचें येथें ठाणें होतें. इ. स. १६८९ मध्यें संभाजीराजांस कैद करून येथेंच आणलें, त्यांची धिंड काढली. आणि त्याच वर्षीं ११ मार्च रोजीं त्यांचा वध झाला. आज तेथील ओसाड भिंती पाहतांना 'काळानें सूड उगविला' असें आपण सहज म्हणून जातों.

आम्हांस हें समाधान लटकें वाटतें. त्याच तटाच्या आंत यादवकालीन लक्ष्मीनारायणाचें देऊळ आहे. त्याच्या शिल्पांनाही काळानें सोडलेलें नाहीं. जो अपराधी आणि निरपराधी या दोघांसही एकाच हातानें झिजवितो, त्याला न्यायाधीश कसें म्हणावें?

याच जिल्ह्यांत गोदातीरीं पुणतांब्यास चांगदेवांची समाधि आहे. आख्यायिका अशी कीं, योगबळानें १४०० वर्षें जगूनही त्यांनीं ज्ञानदेवांस पाठविलेलें पत्र कोरेंच राहिलें, आणि तें पाहून मुक्ताबाईनें त्यांनाच कोरे ठरविलें. नुसत्या वर्षांनीं शहाणपण येत नाहीं. मग न्याय कोठून येणार?

तेव्हां निवाड्याचें काम काळावर ढकलून आपणांस मोकळें होतां येत नाहीं. तट आपोआप पडतात. जुलूम मात्र आपोआप पडत नाहीं. त्याला जुलूम म्हणणारा मनुष्य लागतो, आणि तोही तट उभे असतांना.