त्यांच्या हातची भाजी



आपल्याकडे उपवासकाळ आणि वसंत ऋतू बरोबरच येतात. एकीकडे प्रार्थना, उपवास व दानधर्म, तर दुसरीकडे शेतात गहू-हरभऱ्याची काढणी, भेंडी-गवारीची पेरणी आणि झाडांना आळी करून पाचोळा पसरण्याची लगबग. पुण्याजवळ मुळशी तालुक्यातील कोळवण येथे १९९४ साली सुरू झालेल्या साधना व्हिलेजमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ मंडळी कुटुंबासारखी एकत्र राहतात. अशा ठिकाणी शेती-बागेचे काम म्हणजे निव्वळ वेळ घालविणे नव्हे. एखाद्या वाफ्याला पाणी घालणे ज्याच्याकडे सोपविले आहे, तो आला नाही तर रोपे खरोखरच सुकतात. कोणाला तरी आपली गरज आहे, हे त्याला तेथे कळते. रोप पाणी घालणाऱ्याचा बुद्ध्यांक विचारीत नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. दुर्बल माणसाला आपण काही दिले, म्हणजे आपले कर्तव्य संपले का?

आनंदवनाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ मध्ये ते व साधनाताई सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहायला गेले. त्यांनी विहीर खणली, जमीन पिकविली. पण भाजी बाजारात आली तेव्हा ती कोणी घेईना. पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तेथेच जेवले. ते पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली.

त्या गावकऱ्यांना दुष्ट म्हणण्याची घाई आपण करू नये. कुष्ठरोगाविषयीच्या अज्ञानातून ती भीती आली होती. तरीही विचार करण्याजोगे एक आहे. भिकाऱ्याच्या वाडग्यात नाणे वरूनही टाकता येते. भाजी मात्र हातातून घ्यावी लागते, घरी शिजवावी लागते, मुलाबाळांच्या ताटात वाढावी लागते. दान देताना अंतर राखता येते, स्वीकारताना ते राखता येत नाही. म्हणूनच देणे आपल्याला सोपे वाटते आणि घेणे जड जाते.

यावर कोणी म्हणेल, “माणसाची किंमत त्याच्या कामावर ठरवायची, तर अंथरुणाला खिळलेल्यांचे काय?” शंका रास्त आहे. माणसाची प्रतिष्ठा कामातून येत नाही. ती देवाच्या प्रतिमेतून येते व कोणत्याही आजाराने उणावत नाही. पण ती प्रतिष्ठा इतरांनी ओळखावी लागते. तुझ्याकडून आम्हांला काहीच नको, असे ज्याला रोज न बोलता सांगितले जाते, त्याला पोटभर अन्न देऊनही आपण एकटे पाडतो. अंथरुणावरची आजीसुद्धा आपल्यासाठी प्रार्थना करू शकते, नातवाला गोष्ट सांगू शकते. प्रश्न एवढाच, की आपण तिच्याकडे काही मागतो का?

प्रभू येशूने मागितले. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीला जिवंत पाणी देण्यापूर्वी त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, त्या काळातली ही गोष्ट. तिच्या हातचे पाणी मागून त्याने तिला आपल्या बरोबरीचे स्थान दिले. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्सेरचेन्स’ या परिपत्रकात हेच बजावले आहे. धडधाकट माणसांनाच समाजाच्या जीवनात आणि कामात सामावून घेणे, हा बलवानांनी दुर्बलांशी केलेला गंभीर भेदभाव आहे, अशी त्यांची शिकवण आहे.

तेव्हा या उपवासकाळात दानाचे पाकीट अवश्य भरू या. त्याबरोबर आणखी एक करू या. आपल्या घरात, इमारतीत किंवा वस्तीत ज्याला आपण नेहमी फक्त देत आलो, अशा एकाकडे काही मागू या. ज्येष्ठांकडे सल्ला मागावा. मतिमंद म्हणून बाजूला बसविलेल्या मुलाला मिस्सापूर्वी गीतपुस्तिका वाटायला सांगावे. त्याला थोडा वेळ लागेल, दोन पुस्तिका खालीही पडतील. पडू द्याव्यात. उपवासात भूक सोसतो, तसा तो उशीरही आपण सोसावा.

घेण्याची नम्रता प्रभू आपणां सर्वांना देवो.